राणीच्या बागेतले जुने रहिवासी

मुंबईत पाहुणे आले आणि त्यांच्याबरोबर लहान मुले असली, की राणीच्या बागेची फेरी ठरलेलीच! भायखळ्याच्या या बागेचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पण बसचा कंडक्टर आणि घरची आजी या दोघांच्याही तोंडी अजून राणीची बागच आहे. मंडळी फाटकातून शिरतात ती तडक वाघाकडे, नाहीतर पेंग्विनांकडे. २०१६ साली दक्षिण कोरियाहून आलेल्या या पाहुण्यांचा संसार काचेआड, १६ ते १८ अंशांच्या गारव्यात चालला आहे, आणि तो पाहावयास मुलांची झुंबड उडते.

मुलांची हौस अवश्य पुरवावी. पण मौज अशी, की ही बाग मुळात प्राण्यांची नव्हेच, ती झाडांची. शेती आणि बागाईत यांची आवड असणाऱ्या एका मंडळाची बाग पूर्वी शिवडीला होती. ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी घेतली गेली, म्हणून भायखळ्याला नवी बाग वसली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले आणि १८७३ साली ती नगरपालिकेकडे आली. प्राणी आले ते मागाहून.

हे जुने रहिवासीही दूरदूरच्या मुलखांतले आहेत. खोडात पाणी साठवणारी गोरखचिंच मूळची आफ्रिकेची. आपण मात्र तिचे नाते थेट गोरखनाथांशी जोडून टाकले. कैलासपती दक्षिण अमेरिकेचा. त्याची फुले फांद्यांच्या शेंड्यांवर न येता खोडालाच लगडतात, आणि फुलात शिवपिंडीवर फणा धरल्याचा भास होतो. तांबड्या फुलांचे झुंबर मिरवणारी उर्वशी ब्रह्मदेशाची. परदेशी झाडांना आपल्या पुराणांतली नावे देऊन घरात घेण्याची ही रीत किती लोभस आहे!

अशी सुमारे ३,००० झाडे, २८० हून अधिक जातींची, या बागेत आहेत. हा हिशेब आपल्याला ठाऊक झाला तो काही नागरिकांमुळे. २००७ साली प्राणिसंग्रहालयाच्या कायापालटाची मोठी योजना पुढे आली, तेव्हा झाडांच्या काळजीने ही मंडळी पुढे सरसावली. त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा. त्यांनी झाडे मोजली, ओळखली, नोंदली, आणि त्यांच्यासाठी दाद मागितली. ती योजना मूळ रूपात पार पडली नाही.

बागेलगतच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ साली त्याला विलायतेला नेण्यासाठी उचलताना यारी मोडली आणि त्याचे तुकडे झाले. १९१४ साली ते सांधून हत्ती पुन्हा उभा केला. दगडाचे असे सांधता येते. गोरखचिंच एकदा तोडली, तर ती सांधणारा कारागीर कोठून आणावयाचा?

तेव्हा पुढच्या खेपेस (बुधवार सोडून, त्या दिवशी बाग बंद असते) सकाळी जरा लवकर निघावे. पेंग्विनांच्या रांगेत उभे राहण्याआधी तासभर झाडांखाली हिंडावे आणि खोडांवरच्या पाट्या मुलांकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात. घरी परतताना वाघाच्या गोष्टींबरोबर त्यांच्या तोंडी चार झाडांची नावे असली, तर तिकिटाचे पैसे पुरते वसूल झाले असे समजावे.