फुटबॉल पंचांचे मूल्यमापन : पूर्वतयारी आणि दृष्टी

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ परस्परांशी झुंजतात, त्या वेळी प्रेक्षकांचे लक्ष चेंडूकडे असते. मूल्यमापकाचे लक्ष मात्र पंचाकडे असते. पंच कोठे उभा आहे, शिट्टी केव्हा वाजवितो, खेळाडूंशी कसा बोलतो, याची तो नोंद घेतो. पंचाला वरच्या दर्जाचे सामने द्यावेत किंवा कसे, हे अशा नोंदींच्या आधारे ठरत असल्याने या कसोटीची पूर्वतयारी अगत्याची ठरते.

नियमांचा अभ्यास

फुटबॉलचे एकूण १७ नियम आहेत. १८८६ मध्ये स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय फुटबॉल असोसिएशन मंडळ त्यांत दरवर्षी फेरबदल करते व ते सर्वसाधारणपणे १ जुलैपासून अमलात येतात. म्हणूनच अभ्यास चालू आवृत्तीचाच हवा. केवळ पाठांतर पुरेसे नाही. शब्दांमागील भेद उमगला पाहिजे. उदाहरणार्थ, प्रतिस्पर्ध्याला अडविताना खेळाडूने निष्काळजीपणा केला, तर फ्री किक पुरेशी असते. त्याने समोरच्याला होणाऱ्या धोक्याची पर्वा केली नाही, तर पिवळे कार्ड दाखवावे लागते. अवाजवी बळ वापरून त्याला इजेच्या संकटात लोटले, तर लाल कार्डाशिवाय गत्यंतर नसते. हा भेद क्षणार्धात ओळखता येणे, यावर खेळाडूंची सुरक्षितता अवलंबून आहे.

शारीरिक क्षमता

आंतरराष्ट्रीय पुरुष पंचांसाठी रूढ झालेल्या फिफाच्या चाचणीत ४० मीटर अंतर प्रत्येकी ६ सेकंदांत, असे ६ वेळा धावावे लागते. त्यानंतर ७५ मीटर १५ सेकंदांत धावणे व २५ मीटर १८ सेकंदांत चालणे, हा क्रम ४० वेळा करावयाचा असतो. म्हणजे ४०० मीटरच्या धावपट्टीच्या १० फेऱ्या होतात. जिल्हा वा राज्य पातळीवरील निकष संबंधित संघटनेकडून आधीच समजून घ्यावेत. सराव मात्र दोन-तीन महिने आधीपासून, टप्प्याटप्प्याने वाढवावा. आयत्या वेळी घेतलेले श्रम बहुधा स्नायूंना दुखापत करतात.

मैदानावरील वर्तन

पंचाने मैदानाच्या तिरकस रेषेच्या अनुरोधाने वावरावे आणि खेळ आपल्या व सहायक पंचाच्या मध्ये राहील असे पाहावे, ही पद्धत सर्वमान्य आहे. दमलेला पंच दुरून निर्णय देतो आणि दुरून दिलेला निर्णय अचूक असला तरी खेळाडूंना पटत नाही. सामन्यापूर्वी सहायक पंचांशी खुणा व जबाबदाऱ्या यांविषयी बोलणे झालेले असावे.

‘ॲडव्हांटेज’ देण्यात पंचाचा विवेक विशेषत्वाने दिसतो. आगळीक घडूनही पीडित संघाचा लाभ होत असेल, तर खेळ चालू ठेवता येतो. अपेक्षित लाभ काही सेकंदांत झाला नाही, तर मूळ आगळिकीबद्दल फ्री किक देता येते. मात्र दोन्ही संघ चिडलेले असताना खेळ थांबविणेच कित्येकदा श्रेयस्कर ठरते.

सामन्यानंतरची चर्चा

सामना संपल्यावर मूल्यमापक पंचाशी चर्चा करतो. या वेळी समर्थनापेक्षा आत्मपरीक्षण उपयोगी पडते. अमुक निर्णयाच्या वेळी आपण कोठे होतो, मध्ये कोण आले, हे प्रांजळपणे सांगता आले, तर पुढील सुधारणेची दिशा सापडते. सूचना वहीत टिपून पुढच्या सामन्यात त्यांतील एक-दोन गोष्टींवरच भर द्यावा.

ग्रामीण भागात शालेय सामन्यांची पंचगिरी पुष्कळदा क्रीडाशिक्षकच करतात. तेथे मूल्यमापक नसला, तरी एखाद्या सहकाऱ्याने कडेला बसून वरील मुद्द्यांवर नोंदी ठेवाव्यात. ग्रामपंचायतींनीही स्पर्धा भरविताना चषकाइतकीच आस्था जाणत्या पंचाविषयी बाळगावी. एका चुकीच्या शिट्टीने दोन वस्त्यांत वितुष्ट येऊ शकते. उलट, पराभूत संघानेही ज्याचा निर्णय निमूटपणे मानावा, असा पंच गावाला लाभला, तर मुलांना नियमांविषयी आदर वेगळा शिकवावा लागत नाही.