‘मला माझी खरी ओळख सापडली’: हे वाक्य संशोधकाने कसं वाचायचं?



पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी पहिलं प्रकरण गाईडकडे दिलं. त्यात एक वाक्य होतं: ‘१८८३ मध्ये पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती श्रद्धेत आपली खरी ओळख आणि जीवनाचं ध्येय सापडलं.’ मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात दोनच प्रश्न लिहिले: ‘कोण म्हणतं? कधी म्हणतं?’ मला वाटलं, एक तळटीप टाकली की झालं. प्रत्यक्षात सहा महिने गेले आणि प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. त्या सहा महिन्यांत जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी घटना बघू

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. मुलीला घरातच संस्कृत शिकवलं गेलं. आईवडील दुष्काळाच्या हालात गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न, १८८२ मध्ये वैधव्य, पदरात लहान मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे मुलीसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता प्रश्न असा, की या बदलाचा अर्थ आपल्याला कुठून कळतो? बहुतेक जण (माझ्यासारखेच) रमाबाईंनी स्वतः लिहिलेली ‘टेस्टिमनी’, म्हणजे साक्ष, उघडतात. त्यात सगळं ओळीने येतं. धर्मग्रंथांत स्त्रियांविषयी जे लिहिलंय त्याने आलेला उद्वेग, सिल्चरला घरात हाती आलेलं लूकचं शुभवर्तमान, इंग्लंडमध्ये समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी भगिनींनी चालवलेलं काम, आणि मग शोमरोनी स्त्रीची गोष्ट. वाचताना वाटतं, वाट सरळच होती.

पण ही साक्ष १९०७ ची आहे, बाप्तिस्म्यानंतर २४ वर्षांनी लिहिलेली. दोनच वर्षांपूर्वी, १९०५ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी धार्मिक जागृती झाली होती. साक्ष इंग्रजीत आहे, म्हणजे वाचक कोण हेही लक्षात घ्यावं लागतं.

मग पत्रं वाचली

रमाबाई आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपाने छापला गेला. ही पत्रं त्या त्या दिवसांत लिहिलेली आहेत, त्यामुळे सूरच वेगळा. १८८५ च्या आसपासच्या रमाबाई इथे भांडताना दिसतात. त्रैक्याची शिकवण पटत नाही, असं त्या स्पष्ट लिहितात. क्रूसावर लॅटिनच का, संस्कृत अक्षरं का नकोत, असं विचारतात. एका पुरोहितवर्गाच्या तावडीतून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्याचं जू मानेवर घेणार नाही, हा त्यांचा मुद्दा आहे. बाप्तिस्मा होऊन दोन वर्षं झालेली आहेत, बरं का!

आणि गंमत म्हणजे साक्षही नीट वाचली तर तेच सांगते. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळलं, की ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त अजून मिळाला नव्हता, असं रमाबाई स्वतःच लिहितात. म्हणजे माझ्या वाक्यातलं १८८३ हे साल खुद्द रमाबाईंनाच मान्य नव्हतं! मी बाप्तिस्म्याची तारीख उचलून ती ‘ओळख सापडल्याची’ तारीख केली होती.

आणि ध्येयाचं काय?

इथेही कालक्रम तपासला. ‘आर्य महिला समाज’ पुण्यात १८८२ चा, ‘स्त्रीधर्मनीति’ १८८२ ची. हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात, असं त्यांनी मांडलं तेही १८८२ मध्येच. स्त्रियांसाठी काम करायचं हे ध्येय बाप्तिस्म्याच्या आधीचं आहे.

मग श्रद्धेने काहीच बदललं नाही का? तसंही नाही. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेलं ‘शारदा सदन’ धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असं ठरलं होतं. पुढे ते पुण्याला आलं, आणि मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो म्हणून १८९३ मध्ये वाद पेटला, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यानंतरच्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि स्त्रिया घेऊन आल्या आणि केडगावचं ‘मुक्ती’ उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून उभं राहिलं. काम तेच, पण ते कोणाच्या भरवशावर आणि कोणाच्या नावाने करायचं, हे बदललं. शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल आणण्यात घालवली. क्रूसावर लॅटिन का, असं विचारणारी बाई इथे पुन्हा भेटते.

याचा अर्थ साक्ष खोटी का?

नाही! इथे नवे संशोधक दोन चुका करतात. पहिली चूक माझी: साक्ष जशीच्या तशी घटना म्हणून लिहिणं. दुसरी चूक उलटी: वैधव्य होतं, परदेशात आधार हवा होता, म्हणून धर्म बदलला, असं म्हणून मोकळं होणं. या दुसऱ्या स्पष्टीकरणाला पत्रंच आडवी येतात. नुसता आधार हवा असता, तर आधार देणाऱ्यांशीच त्या इतक्या वाद घालत बसल्या असत्या का?

समाजशास्त्रात डेव्हिड स्नो आणि रिचर्ड मॅकालेक यांनी १९८० च्या दशकात दाखवलं, की धर्मांतरित व्यक्ती आपलं पूर्वायुष्य नव्या नजरेने पुन्हा रचते. ही फसवणूक नव्हे, असंच माणूस स्वतःला समजून घेतो. त्यामुळे १९०७ ची साक्ष १८८३ साठी कच्चा पुरावा आहे, पण १९०७ च्या रमाबाई स्वतःला कोण समजत होत्या, यासाठी पक्का पुरावा आहे. देव खरंच भेटला का, हे माझ्या प्रबंधाला सांगता येत नाही. आपल्याला देव भेटला असं मानून एका बाईने पुढे काय केलं, हे मात्र सांगता येतं.

आणखी एक तपासणी करा: घरातलं दुसरं कोणी बोलतंय का? नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात एकाला मिळालेली ओळख दुसऱ्याच्या वाट्याला ताटातूट म्हणून आली. ‘स्मृतिचित्रे’ नसती तर ही बाजू आपल्याला दिसलीच नसती.

तुमच्यासाठी गृहपाठ

पीएचडीच्या मुलाखतीसाठी तुम्ही ‘मला संशोधन का करायचंय’ हे लिहिलं असेल. त्यात ‘लहानपणापासून मला कुतूहल होतं’ असं वाक्य आहे का? माझ्यात होतं. आता तुमची पाच वर्षांपूर्वीची वही किंवा मित्राला पाठवलेले मेसेज काढा आणि शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत फरक दिसेल. दोन्ही तुम्हीच लिहिलेलं आहे, आणि खोटं त्यातलं काहीच नाही.

माझं वाक्य आता असं आहे: ‘१९०७ मध्ये मागे वळून पाहताना रमाबाई सांगतात, की ख्रिस्त अजून मिळाला नव्हता हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं.’ मॅडमनी यावेळी रेघ मारली नाही.