तारा दोन, वाटा किती?

नीरेचा डावा कालवा बारामती-इंदापूरकडे जातो, उजवा फलटणवरून आपल्या माळशिरस तालुक्यात येतो. कालवे दोन, पण दोहोंचे पाणी वीरहूनच सुटते. तेथेच पाणी नसेल तर कालवे दोन असून उपयोग काय? साठवणीच्या सर्व्हरला दोन तारा जोडून निश्चिंत बसलेल्या चालकांना आम्ही हेच विचारतो.

हा सर्व्हर म्हणजे धंद्याचा दप्तरखाना. उसाच्या वजनाच्या पावत्या, हजेरीपट, पगारपत्रके, सारे त्यात. बाकीची यंत्रे तारेवाटे त्याच्याकडून कागद मागतात. तार तुटली की दप्तर शाबूत असूनही कुलूपबंद! काट्यावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर खोळंबतात, आणि बोलणी खातो तो काटेवाला. तार टाकताना त्याला कोणी विचारलेले नसते. कामगारांच्या माणसाने या यांत्रिक विषयात नाक का खुपसावे, याचे उत्तर एवढेच आहे.

आता वेगाचे पाहू. एक टेराबाइटचे दप्तर सेकंदाला 1 गिगाबिट वाहणाऱ्या तारेवरून न्यायला, सारे सुरळीत असले तरी, सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. 10 गिगाबिटच्या तारेवरून तेरा-चौदा मिनिटे. मग लोक म्हणतात, दहा-दहाच्या दोन तारा जोडल्या म्हणजे वीस झाले. तसे होत नाही. साध्या जोडणीत एका यंत्राचे एक काम बहुधा एकाच तारेवरून जाते. अनेक यंत्रे असली तरच भार वाटला जातो. शिवाय दोन्ही तारा शंभरात साठ भरून वाहत असल्या आणि एक तुटली, तर उरलेलीवर एकशेवीस येणार. ती वाहणार कशी? राखीव म्हणायची तर प्रत्येक तारेला सगळा भार एकटीने पेलता आला पाहिजे.

आणि दुसरी तार खरोखर दुसरी हवी. एकाच कार्डाच्या दोन तोंडांना दोन तारा लावल्या आणि कार्ड जळले, की दोन्ही गेल्या. म्हणून कार्डे दोन, स्विच दोन, त्या स्विचांची वीजही निरनिराळी. तारांचे चरसुद्धा वेगळे; नाहीतर जेसीबीचा एकच फावडा दोन्ही उचलतो. 2008 च्या 30 जानेवारीला इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबली एकाच सुमारास निकामी झाल्या. व्यवस्था दोन निरनिराळ्या, पण वाट जवळपास एकच. इतक्या दूरच्या घटनेने भारतातील इंटरनेट कित्येक दिवस रखडत चालले.

हेही ध्यानात असावे की दुसरी तार म्हणजे दप्तराची दुसरी प्रत नव्हे. चुकून पुसलेला हजेरीपट दोन्ही तारांवरून पुसलेलाच दिसतो. प्रत वेगळी, आणि ती वेगळ्या इमारतीत ठेवावी लागते.

राहिली परीक्षा. गाळप बंद असताना एक तार हाताने उपसावी, काम चालते का पाहावे. ती लावून दुसरी उपसावी. पुढे एकेक स्विचही बंद करून पाहावा. या वेळी रात्रपाळीच्या माणसाला बोलवावे, कारण हंगामात पहाटे तीनला तार गेली, तर तेथे तोच असणार आहे.