खाणारा मुका, घेणारा अजाण

उरलेली भाकरी कुस्करून, तीवर थोडे दूध घालून ती घरच्या कुत्र्यापुढे ठेवावयाची, ही आपल्याकडची जुनी रीत. शहरांतील सदनिकांत ती आता मागे पडत असून तिची जागा कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या खाद्याच्या रंगीत पाकिटाने घेतली आहे. पाकिटावर कोंबडीचे चित्र असते. आत कोंबडी किती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. सकृद्दर्शनी तो क्षुल्लक वाटतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो तसा नाही.

बाजारपेठ ग्राहकाचे हित आपोआप राखते, या समजामागे एक गृहीत असते. घेणाऱ्याला मालाची पारख असते आणि एकदा फसलेला ग्राहक पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही, हे ते गृहीत. प्राण्यांच्या खाद्याबाबत ते मुळातच कोसळते. येथे घेणारा खात नाही आणि खाणारा बोलत नाही. विक्रेत्याला जे ठाऊक असते ते ग्राहकाला ठाऊक नसेल, तर हलका माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन १९७० साली दाखवून दिले. हा सिद्धान्त सर्वांत चपखल लागू पडतो तो मुक्या ग्राहकाच्या बाजारालाच. अशा ठिकाणी वेष्टनावरील मजकूर हाच घेणाऱ्याचा एकमेव आधार उरतो.

अमेरिकेत या व्यवसायाचा पसारा मोठा असल्याने तेथील नियम पाहणे उद्बोधक ठरेल. राज्यांच्या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची एक संघटना तेथे १९०९ पासून आहे. ती नमुना नियम तयार करते व बहुतेक राज्ये ते स्वीकारून कायद्याचे बळ देतात. या नियमांत शब्दाशब्दाला मोल आहे. खाद्याला नुसते ‘चिकन’ असे नाव द्यावयाचे, तर प्रक्रियेसाठी घातलेले पाणी वगळून ९५ टक्के चिकन हवे. ‘चिकन डिनर’ म्हटले की २५ टक्के पुरतात. ‘विथ चिकन’ लिहिले की ३ टक्क्यांवर भागते. ‘चिकन फ्लेवर’ला तर किमान प्रमाणच नाही; स्वाद ओळखू आला म्हणजे झाले. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पण ताज्या मांसात बहुतांश पाणीच असल्याने ते यादीत सहज पहिले येते, आणि वाळल्यावर त्याचा वाटा किती उरला हे वाचणाऱ्यास उमगत नाही. थोडक्यात, असत्य काही न छापताही दिशाभूल करता येते.

आणि असत्यच छापले तर? मार्च २००७ मध्ये अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे सहा कोटींहून अधिक डबे व पाकिटे परत मागवावी लागली. घटकांच्या यादीत गव्हातील प्रथिन, म्हणजे ‘व्हीट ग्लूटेन’, नमूद होते. चीनहून आलेल्या त्या मालात प्रत्यक्षात मेलामाइन मिसळलेले होते. प्रथिनांची नेहमीची चाचणी प्रथिने मोजतच नाही. ती नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिनांचा अंदाज बांधते. मेलामाइनच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग नायट्रोजनचाच असतो. त्यामुळे चाचणीत माल उत्तम ठरला आणि जनावरांची मूत्रपिंडे निकामी झाली. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, हीच भेसळ चीनमधील बाळांच्या दूधभुकटीत सापडली. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली, सहा दगावली. येथेही खाणारा बोलू न शकणाराच होता.

या प्रकारानंतर अमेरिकी संसदेने २००७ मध्येच, प्राण्यांच्या खाद्यासाठी नवी मानके व लेबलाचे नियम दोन वर्षांत ठरवावेत, असा आदेश तेथील अन्न व औषध प्रशासनाला दिला. ते काम तडीस गेले नाही आणि २०१८ मध्ये तो आदेशच रद्द झाला. अधिकाऱ्यांच्या संघटनेने सुबोध लेबलाचा नवा नमुना संमत केला तो २०२३ मध्ये. जनावरे मरतात तेव्हाचा क्षोभ आणि नियम होतात तेव्हाची सवड, यांतील हे अंतर बोलके आहे.

आपल्याकडे काय स्थिती आहे? २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येतून पशुखाद्य स्पष्टपणे वगळले आहे. बिस्किटाच्या पुड्यावर घटकांची यादी छापणे या कायद्यान्वये सक्तीचे आहे; श्वानखाद्याच्या पाकिटाला ती सक्ती लागू होत नाही. भारतीय मानक ब्युरोने कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे मानक तयार केलेले आहे, ही जमेची बाजू. परंतु मानक कागदावर असणे निराळे आणि ते पाळावयास लावणे निराळे.

यावर काही जण म्हणतील, ज्या देशात माणसांच्याच दुधात भेसळ होते, तेथे कुत्र्यांच्या खाद्याची चिंता कशाला? २००७ आणि २००८ या दोन वर्षांतच त्याचे उत्तर आहे. भेसळीची युक्ती आधी मुक्या प्राण्यांवर उघडकीस आली, आणि पुढच्या वर्षी तीच पाळण्यातील मुलांच्या दुधात आढळली. म्हणून प्रत्येक घटकाचे नाव व नावात मिरवलेल्या घटकाची टक्केवारी छापण्याची सक्ती हवी, आणि छापलेले खरे आहे की नाही हे पाहणारी प्रयोगशाळाही हवी. पडताळणीवाचून लेबल म्हणजे केवळ छापील कागद. आणि ज्याच्यासाठी तो छापावयाचा, त्याला तर वाचताही येत नाही.