पेवातला श्वास

परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यावर एस.टी.तून उतरले की आजोळी चालत जाता येई. अंगणात ज्वारीचे पेव होते: तोंडाशी अरुंद, आत रुंद, शेणामातीने लिंपलेले, कडब्याचे अस्तर दिलेले. पेव उघडले की त्या दिवशी आजोबा कोणाला आत उतरू देत नसत. दुसऱ्या दिवशी दोरीने कंदील सोडत. तो विझला, तर पुन्हा थांबायचे. त्यांचा धाकटा भाऊ ऐन तारुण्यात पेवात उतरला तो वर आलाच नाही, हे मला फार उशिरा कळले.

त्याचा जीव घेतला तो ज्वारीच्या श्वासाने. आपण तिला साठा म्हणतो, पण दाण्यातला अंकुर जिवंत असतो. पेरणीपर्यंत तगण्यासाठी तो साठवलेल्या अन्नाचा अगदी थोडा अंश प्राणवायूच्या साहाय्याने जाळत राहतो. १८० ग्रॅम ग्लुकोज असे जळले की १९२ ग्रॅम प्राणवायू खर्च होतो. २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, १०८ ग्रॅम पाणी आणि सुमारे ६७० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. मोडण्याची ही बाजू म्हणजे अपचय. त्या ऊर्जेवर पेशी घडवण्याची बाजू म्हणजे चय. दोन्ही मिळून चयापचय.

कोरड्या दाण्यात हा व्यवहार फार मंद असतो, कारण विकरांना काम करायला पाणी लागते. ओल लागली की वेग वाढतो. बुरशी आणि किडेही त्याच अन्नावर श्वास घेऊ लागतात. बंद पेवातला प्राणवायू घटत जातो. त्यामुळे किडे मरतात आणि धान्य टिकते. मात्र हवेच्या दीडपट जड असलेला कार्बन डायऑक्साइड आत साचून राहतो. कंदील विझणे ही धोक्याची खूण खरी, पण तो जळत राहिला म्हणजे हवा निर्धोक, असे नाही. ज्योत टिकेल इतका प्राणवायू असतानाही हा वायू माणसाला बेशुद्ध करू शकतो. वाचवायला घाईने उतरलेला दुसराही म्हणूनच दगावतो.

अठराव्या शतकात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी गिनीपिगच्या उबेने किती बर्फ वितळतो ते मोजले आणि श्वसन म्हणजे मंद ज्वलनच, असे दाखवले.

भाऊ गेला त्या वर्षीही त्याच पेवातली ज्वारी दळली गेली, असे आजी सांगे. घरात दुसरी नव्हतीच. पेवात ज्वारी जे करत होती, तेच तिची भाकरी खाऊन घरातली माणसे करत होती.