जुन्या घराचा खोडवा



या पानातून आम्ही नेहमी बेणे, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय थोडा निराळा आहे. उसाची नोंद द्यायला आलेल्या एका सभासदाने गट ऑफिसात आम्हाला विचारले, "सायेब, गावातलं घर कुलपातच हाय. भाऊ म्हनतोय इकून टाकू. गिऱ्हाईक तर निस्त्या जाग्याची किंमत करतंय. काय करावं?" प्रश्न उसाचा नव्हता. पण उत्तर आमच्याजवळ होते, कारण हाच प्रश्न चार वर्षांपूर्वी आमच्याच घरात उभा राहिला होता.

आटपाडी तालुक्यात कुलूपबंद घरांना तोटा नाही. दुष्काळाने आपली माणसे बाहेर काढली. सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यात खानापूर-आटपाडीची पोरे साऱ्या हिंदुस्थानात पोचली. आमचे थोरले बंधूही त्यांतलेच. आई गेली आणि पेठेमागच्या आमच्या सात खणी माळवदाला कुलूप लागले. पुढे पुतणीचे लग्न ठरले. बंधूंचा फोन आला, "घर काढू या." गिऱ्हाईकाने जाग्याची किंमत केली आणि वर ऐकवले, "घर पाडायचा खर्च आमच्याच बोकांडी बसणार." वडिलांनी उभ्या केलेल्या घराची किंमत शून्याच्याही खाली गेली होती. बंधूंकडून आम्ही एक वर्षाची मुदत मागून घेतली.

खोडव्याचे गणित

आपण लागण घेतो तेव्हा नांगरट, सरी, बेणे असा सगळाच खर्च असतो. खोडव्याला तो नसतो. बुडखे जमिनीलगत छाटायचे, नांग्या भरायच्या, पाचट न जाळता सरीत ठेवायचे आणि वेळेवर खत द्यायचे. कमी खर्चात ऊस उभा राहतो. जुन्या घराचेही तसेच आहे. पाया, जोते, दगडी भिंती, सागवानी तुळया ही वाडवडिलांची लागण आहे. आपण फक्त नांग्या भरायच्या.

मात्र नांग्या फार असतील तर आम्हीच तुम्हाला खोडवा मोडायला सांगतो. भिंतीचे पोट सुटले असेल, कोपरे फाटून वरपासून खालपर्यंत भेग गेली असेल, तुळया वाळवीने पोकळ केल्या असतील, तर दुरुस्तीच्या मोहात पडू नका. तुळईच्या टोकाला, भिंतीत बसते तिथे, पहारीचे टोक टोचून पाहा. पहार आत शिरली की समजायचे. शंका असेल तर खर्चाआधी जाणत्या इंजिनिअरला घर दाखवा.

आमची चूक

चूक लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षी आम्ही दर्शनी भागालाच हात घातला. सोप्यात चकचकीत फरशी बसवली, मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, वर रंग दिला. चाळीस हजार गेले. लोक म्हणाले, घर नवे झाले. परतीचा पाऊस आला आणि माळवद तीन ठिकाणी गळले. सिमेंटच्या गिलाव्याआड भिंतीची ओल कोंडली आणि दिवाळीपर्यंत गिलाव्याचे पापुद्रे हातात आले. उसाला वरून फवारा मारला आणि मुळाशी हुमणी तशीच ठेवली, असा तो प्रकार झाला.

त्यातून कामाचा क्रम शिकलो. आधी पाणी, मग भिंत, मग संडास-न्हाणी, मग उजेड आणि वीज. रंग सगळ्यांत शेवटी.

आधी माथा हलका करा

माळवद गळते म्हणून आपण दरसाल वर पांढरी माती टाकतो. जुनी कोणी काढत नाही. आमच्या माळवदावर काही ठिकाणी दोन-अडीच फूट मातीचा थर निघाला. हे ओझे तुळयांना वाकवते आणि जिवालाही धोका करते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली. धाब्याची जड माती आणि आतबाहेरच्या दोन पदरांत सांधा नसलेल्या दगडी भिंती हे त्याचे मोठे कारण होते.

आम्ही माती उतरवून वीतभर थर ठेवला. किडलेली लाकडे बदलली. वर हातभर मोकळी जागा सोडून लोखंडी पाइपांवर उताराचा पत्रा टाकला. खालच्या मातीने उन्हाळ्यात घर गार राहते आणि पाऊस पत्रा झेलतो. पत्र्याला नाक मुरडू नका. माडगूळ्याच्या शिवारातला 'बामणाचा पत्रा' तर गदिमा आणि व्यंकटेश माडगूळकर या बंधूंमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पाइप मात्र भिंतीत पक्के बांधून घ्या आणि पत्र्याला हूक-बोल्ट जवळ जवळ मारा. वळवाचे वारे वाट पाहत नाही. उतरलेली माती सगळी फेकू नका. भिंतीच्या डागडुजीला तीच कामाला येते.

भिंतीलगतची जमीन बाहेरच्या बाजूला उतार देऊन ठोकून घ्या, म्हणजे जोत्यात पाणी मुरणार नाही. भिंतीचे दोन पदर सुटत असतील, तर थोड्या थोड्या अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरतात. हे काम जाणत्या गवंड्याकडूनच करून घ्या. मातीच्या भिंतीला आम्ही पुन्हा माती-चुन्याचाच गिलावा केला. तो ओल बाहेर सोडतो आणि खर्चही कमी होतो.

भाडेकरू काय बघतो

आटपाडी तालुक्याचे गाव आहे. शिक्षक, बँकेतले कारकून, दवाखान्यातल्या सिस्टर, डाळिंबाच्या सौद्याला आलेले व्यापारी यांना इथे खोली लागते. आमचे घर बघायला पहिले जोडपे आले. बाईंनी सोप्याकडे पाहिलेच नाही. थेट मागे गेल्या आणि विचारले, "संडास आतच आहे ना? पाणी किती वेळ येतं?" आमच्या चकचकीत फरशीचा विषयच निघाला नाही.

म्हणून परसातल्या जुन्या गोठ्याच्या जागी संडास आणि न्हाणी बांधली. संडास दोन खड्ड्यांचा आहे. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा. पहिला निदान वर्षभर बंद ठेवला की त्याचे खत होते. न्हाणीचे पाणी त्या खड्ड्यांत सोडू नका. ते निराळ्या शोषखड्ड्यात किंवा केळीच्या बुडात जाऊ द्या. आडापासून खड्डे लांब ठेवा.

माजघरात अंधार होता. माळवदातले जुने सवणे मातीखाली बुजले होते. ते मोकळे केले आणि त्याच्यावरच्या पत्र्यात एक पारदर्शक पत्रा बसवला. दिवसा दिवा लावायची गरज उरली नाही. वायरिंग नवे करून घेतले, अर्थिंग घातले आणि दोन बिऱ्हाडांना निराळी मीटर घेतली. विजेच्या बिलावरून होणारी भांडणे तिथेच मिटली.

हिशोब

माळवद व पत्रा नव्वद हजार, संडास-न्हाणी पंचेचाळीस, वीज पंचवीस, गिलावा व किरकोळ वीस. एकूण १,८०,००० रुपये. वाया गेलेले चाळीस धरले, तर २,२०,०००. दोन बिऱ्हाडांचे भाडे महिना ६,००० रुपये, म्हणजे वर्षाला ७२,०००. घरपट्टी, किरकोळ दुरुस्ती आणि खोली रिकामी राहण्याचे दिवस वजा करून हाती साठ हजार धरा. पावणेचार वर्षांत मुद्दल निघते. आमची चूक नसती, तर तीन वर्षांत निघाले असते.

हे आकडे आमच्या घराचे आहेत. तुमचे निराळे येतील. रीत मात्र तीच ठेवा. प्रत्येक खर्चाला विचारा, याने भाडे वाढेल का, की घराचे आयुष्य वाढेल? दोन्ही नसेल तर तो खर्च पुढच्या वर्षावर टाका. पैसे एकदम काढू नका. एका बिलाला माळवद आणि दुसऱ्याला संडास, असे टप्पे पाडा.

कागद

हातोडा उचलण्याआधी उतारा काढून पाहा. घर वडिलांच्याच नावे असेल, तर वारसांच्या नोंदी करून घ्या. बहिणींनाही विचारा, त्यांचाही त्यात हक्क आहे. कोणी किती खर्च केला आणि भाडे कसे वाटायचे, हे सर्वांच्या सह्यांनी लिहून ठेवा. तोंडी व्यवहार भावाभावांत पाचर मारतो. भाडेकरूशी करारही लेखी करा आणि तो नोंदवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा करार आहे म्हणून नोंदणी नको, हा समज चुकीचा आहे.

शेवटी

लग्न भाड्यावर झाले नाही, हे स्पष्ट सांगतो. बंधूंची शिल्लक आणि आमच्या उसाचे बिल यांवर ते पार पडले. पण घर राहिले. लग्नानंतर बंधू आटपाडीला आले तेव्हा तेच गिऱ्हाईक पुन्हा दारात आले होते आणि आता इमारतीचीही किंमत करीत होते. बंधू परसात गेले. भाडेकरूंची लहान मुलगी केळीला न्हाणीचे पाणी वळवत होती. थोडा वेळ ते बघत उभे राहिले आणि मग गिऱ्हाईकाला म्हणाले, "आत्ता नगं. बघू फुडं." विकायचेच झाले, तरी आता आम्हाला घाई नाही आणि पडत्या भावात द्यायची वेळही नाही.

तुमचेही घर कुलपात असेल, तर हंगाम संपल्यावर एकदा दार उघडा आणि माळवदावर चढून पाहा. माती किती चढली आहे, तेवढे मोजा. बाकीचे तिथून सुचते. आमच्या घराचा हिशोब ज्यांना पाहायचा असेल, त्यांनी गट ऑफिसात केव्हाही यावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी