डावा हात मागे का राहतो?

गेल्या पावसाळ्यात अंगणात घसरून पडले आणि डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर होतं. ते निघालं त्या दिवशी हात बघून मला रडूच आलं. उजव्याशेजारी ठेवला तर दुसऱ्या कुणाचा वाटावा, इतका वाळलेला! "येईल हळूहळू ताकद," असं सगळे म्हणाले, म्हणून मीही कामाला लागले. पण एकदा दोन्ही हातांनी भरला कुकर उतरवताना तो डावीकडे कलंडला. नात पायाशीच खेळत होती. थोडक्यात निभावलं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझी भाची व्यायामशाळेत जाते. ती म्हणाली, "मावशी, दोन्ही हातांनी एकच वजन उचललं की उजवा हात डाव्याचंही काम करून टाकतो. मग डाव्याला बळ येणार कुठून? प्रत्येक हाताला त्याचं त्याचं वजन दे."

मैत्रिणींनो, दोन हातांत थोडा फरक प्रत्येकीच्याच असतो. पूर्वी जात्यावर बसलेली बाई एक हात दमला की खुंटा दुसऱ्या हातात घेई. आता पिशवी, बादली, लाटणं, सगळा भार उजव्यावर. त्यात एखादं दुखणं आलं की फरक वाढतो.

डॉक्टरांची परवानगी घेऊन मी सुरुवात केली. डंबेल्स कशाला हवेत? लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो वजन. मी तर अर्धी भरूनच घेतली.

व्यायाम तीनच. खुर्चीत ताठ बसून कोपरातून हात वाकवत बाटली खांद्यापर्यंत आणायची. मग खांद्यापासून सरळ वर न्यायची. तिसरा, पलंगावर एक हात टेकून वाकायचं आणि दुसऱ्या हातातली बाटली कमरेपर्यंत ओढायची.

यातली खरी मेख पुढे आहे. सुरुवात नेहमी कमजोर हातानं करायची. त्याला जितक्या वेळा नीट जमेल, तितक्याच वेळा दुसऱ्यानं, वजनही तेवढंच. उजवा म्हणेल, "मला अजून जमतंय," पण त्याचं ऐकायचं नाही! अंग एका बाजूला झुकलं किंवा खांदा कानाकडे चढला की थांबायचं. आठ ते बारा वेळा, अशा दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. कमजोर हाताला बारा वेळा सहज जमू लागलं की दोन्हीकडे थोडं वजन वाढवायचं. श्वास मात्र कोंडायचा नाही, रक्तदाब असेल तर मुळीच नाही.

पहिल्या काही आठवड्यांत दंड भरलेला दिसत नाही म्हणून हिरमुसू नका. आधी मज्जातंतू कामाला सरावतात, स्नायू मागाहून भरतात.

आणखी एक नवल ऐका. 1894 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्क्रिप्चर, स्मिथ आणि ब्राऊन यांनी नोंदवलं की, एकाच हाताला सराव दिला तरी दुसऱ्याची ताकदही काही प्रमाणात वाढते. पुढच्या अनेक प्रयोगांतही हेच दिसलं. म्हणजे एक हात प्लॅस्टरमध्ये असताना, डॉक्टरांना विचारून, दुसऱ्याचा व्यायाम चालू ठेवणं फायद्याचंच. मला हे आधी कळलं असतं तर!

एक मात्र ध्यानात ठेवा. हाताला मुंग्या येत असतील किंवा दुखणं वाढत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर व्यायाम नव्हे, तडक रुग्णालय गाठा.

मला दोन महिने लागले. डावा अजून उजव्याच्या किंचित मागेच आहे, पण कुकर सरळ उतरतो. आणि नात पुन्हा डाव्या कडेवर बसू लागलीय, त्यामुळे उजवा हात कामाला मोकळा!